फोन तिच्या नावावर होता

"जिला वेळेवर एक फोन करता आला नाही, तिच्या नावावर म्हणे आता देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट बसणार," सासूबाई म्हणाल्या, आणि म्हणाल्या त्या भिंतीकडे बघून.

थोरल्या सुनेशी, म्हणजे थोरलीशी, त्या सरळ बोलत नसत. बोलायचं ते थोरल्या मुलाला उद्देशून, तो नसेल तर भिंतीला, आणि भिंतीनं ते सुनेपर्यंत पोचवायचं, असा त्या घराचा रिवाज गेली पाच वर्षं बिनबोभाट चालू होता. जेवणाची ताटं उचलता उचलता थोरलीचा हात क्षणभर थांबला. समोर परकं माणूस बसलेलं होतं... वकीलबाई, टेबलभर कागद पसरून, सहीची जागा बोटानं दाखवत. परक्यासमोरसुद्धा या बाईंच्या जिभेला हाड नाही! थोरलीनं ताटं आत नेऊन ठेवली, हात पुसले, बाहेर आली आणि निमूट सही केली. राग असा तिच्या घशाशी रोजच यायचा, आणि रोज ती तो गिळायची. इतकी वर्षं गिळून त्याची चवही तिला पाठ झाली होती.

याचिका तिच्या नावानं होती, त्याला कारण साधं होतं. थोरली प्रसूतिगृहात परिचारिका. अवेळी बोलावणं यायचं म्हणून दवाखान्यानं खटपट करून घरी फोन बसवून दिला होता, तो तिच्या नावावर. कामासाठी परगावी राहणारा तिचा धाकटा दीर घरी आला की त्याच फोनवरून आपल्या बातम्यांची बोलणी करायचा. तो वार्ताहर होता. पोलीस कोठडीत माणसं कशी मरतात, याच्या बातम्या त्यानं ओळीनं छापल्या, आणि मग एके दिवशी त्यालाच उचललं. सरकारी गुपितं फोडली, हा आरोप. पुरावा एकच, घरच्या फोनवरची चोरून ऐकलेली बोलणी. दोन कोर्टांनी तो पुरावा डोळे मिटून मान्य केला. शिक्षा झाली. आता सर्वोच्च न्यायालयात प्रश्न एवढाच होता की सरकारला कुणाच्याही घरात असा कान लावून बसता येतं का. आणि सरकारचं म्हणणं असं की फोन आरोपीच्या नावावर नाही, तेव्हा तक्रार करायचा त्याला हक्कच नाही! म्हणून वकीलबाईंनी जिच्या नावावर फोन होता तिला उभं केलं होतं.

"फोन ऐकायचा सरकारचा हुकूम शेवटी बाहेर आला," वकीलबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं गुप्त, गुप्त म्हणत होते. हुकूम उन्हाळ्यातला आहे. त्या उन्हाळ्याच्या आधीचं घरातलं एखादं बोलणं त्यांना माहीत होतं, एवढं दाखवता आलं ना, तर हुकुमाशिवाय ऐकत होते हे सिद्ध होतं. मग त्यांचा सगळा डोलारा कोसळला. आठवून बघा. चौकशीच्या वेळी कुणी काही बोललं असेल."

थोरलीला काही आठवेना. धाकट्याला विचारते, असं ती म्हणाली.

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत मध्ये दुहेरी जाळी होती, आणि दोन्ही बाजूंनी माणसं एकमेकांवर ओरडत असायची. धाकटा वाळला होता. त्याच्या दाढीत पांढरे केस आले होते, आणि बोलताना आता तो आधी मागे बघायचा. थोरलीनं प्रश्न विचारला आणि त्यानं मान खाली घातली. तिला वाटलं, आठवतोय. मग तिच्या लक्षात आलं, हा आठवत नाहीये, हा लपवतोय.

"वहिनी, ते सोड," तो म्हणाला.

"काय सोडू? बोल."

त्यानं जाळीला बोटं अडकवली, आणि मग जे म्हणाला ते तिला इतक्या गोंगाटातही अक्षर न् अक्षर ऐकू आलं. पहिल्याच दिवशी चौकशी अधिकाऱ्यानं खुर्चीत मागे रेलून त्याला विचारलं होतं, 'काय रे, तुझा बाप तिकडे "निघाला का गं" म्हणून विचारत होता, आणि तू आला नाहीस. तू कसला दुनियेची काळजी करतोस?'

निघाला का गं.

ते शब्द या जगात तीनच माणसांनी ऐकले होते. एक ते बोलणारा, तो गेला. दुसरी ती. तिसरा हा, फोनच्या दुसऱ्या टोकाला. आणि ऐकले होते ते कडाक्याच्या हिवाळ्यात, तो हुकूम निघण्याच्या कितीतरी आधी...

त्या दिवशी दुपारी सासरे शेवटच्या घटका मोजत होते. सासूबाईंनी कितीतरी रात्री उशाशी बसून काढल्या होत्या, म्हणून थोरलीनं त्यांना हाताला धरून आतल्या खोलीत निजवलं होतं. नवरा डॉक्टरांना आणायला धावला होता. खाटेजवळच फोन होता. तिनं धाकट्याच्या कचेरीत फोन लावला, म्हणाली, असशील तसा नीघ. आणि तो म्हणाला, 'वहिनी, आज नाही गं जमणार. ज्या माणसासाठी वर्षभर थांबलोय तो आज भेटणार आहे, पुन्हा भेटायचा नाही. उद्या पहिल्या गाडीनं येतो. आणि मी नाही म्हणालो हे आईला सांगू नकोस.' मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, निघाला का गं? फोनवर हात ठेवायचंही तिला सुचलं नाही. ती म्हणाली, हो बाबा, निघालाय.

पण उद्या उजाडणं दूरच, दिवेलागणीच्या आत, सासूबाई निजलेल्या असतानाच सगळं संपलं. सासूबाईंनी उठल्यावर दोनच गोष्टी धरल्या: मला उठवलं का नाही, आणि माझा धाकटा कुठे आहे. थोरली म्हणाली, माझ्याकडून त्याला फोन करायचा राहिला. एवढं एक वाक्य! त्या घरातल्या एका मुलाचं त्याच्या आईच्या मनातलं स्थान हलू नये म्हणून उच्चारलेलं, आणि पुढं जन्मभर पुरलेलं. बाबांनी काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवसापासून तिचं घरातलं नाव पडलं टेलिफोनवाली. नातेवाइकांत, शेजारीपाजारी, दुकानात, सासूबाईंनी ही कथा इतक्यांदा सांगितली की गल्लीतल्या मांजरांनाही ती पाठ असेल. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून थोरली गप्प राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," ती जाळीपलीकडे म्हणाली. "आधी हुकूम गुप्त होता, मान्य. पण गेल्या महिन्यात तारीख कळली तेव्हा तुझ्या ध्यानात आलंच असेल. तरी गप्प बसलास?"

"आईला कळेल, वहिनी. कोर्टात मोठ्यानं वाचतात ते. त्यापेक्षा मी आत बरा."

"तू आत बरा," ती सावकाश म्हणाली. "आणि बाहेर मी? माझं काय?"

साऱ्या जगाच्या हक्कांवर स्तंभच्या स्तंभ लिहिणाऱ्या त्या माणसाला, आपल्याच घरात एक बाई आपल्यासाठी बिनतुरुंगाची शिक्षा भोगतेय हे कधी दिसलंच नव्हतं! त्याला सोडवायला आलेली थोरली त्या क्षणी त्याच्यावर इतकी संतापली होती की मध्ये जाळी होती हेच बरं झालं.

घरी येताना तिला स्वतःचाच राग येत होता. कारण आत कुठंतरी, अगदी खोल, एक आनंदाची उकळी फुटत होती... आता सगळ्यांना कळेल. आता या बाईंना कळेल. आणि ती उकळी तिला चोरीच्या पैशासारखी वाटत होती. नवऱ्याला तिनं सांगितलं ते त्याच्या दुकानात. तो घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावलेलंच होतं, ते त्यानं काढून ठेवलं. मग म्हणाला, आईला हे सोसायचं नाही, दुसरा काही मार्ग काढायला सांगू वकीलबाईंना.

"तुम्ही मला पाच वर्षांत एकदा तरी विचारलंत का?" थोरलीनं विचारलं. "मी फोन करायला विसरले, यावर विश्वास बसला तुमचा? पंधरा-पंधरा बाळंतिणींच्या औषधांच्या वेळा तोंडपाठ असणारी मी, विसरले?"

"नाही बसला," तो हलकेच म्हणाला.

"मग?"

"घरात शांतता होती. म्हटलं, झाकली मूठ..."

"मूठ तुमची झाकलेली होती हो. चिमटा मला बसत होता."

वकीलबाईंनी ऐकून घेतलं, आणि त्यांचे डोळे आधी चमकले, मग विझले. म्हणाल्या, तुमचं शपथपत्र करूच, पण सरकारी वकील एका वाक्यात उडवून लावील. म्हणेल, ही गोष्ट घरातल्या कुणाकडूनही बाहेर गेली असेल आणि अधिकाऱ्याच्या कानावर आली असेल, त्याला फोन कशाला ऐकायला हवा? घरात दुसऱ्या कुणालाच हे माहीत नव्हतं, हे कोण सिद्ध करणार?

थोरली हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि ते हसू बघून वकीलबाई जरा बिचकल्या.

"सासूबाई करतील," ती म्हणाली. "पाच वर्षं त्यांनी गावभर दुसरं काय केलंय?"

हे खरंच होतं. त्या उखाळ्यापाखाळ्यांत, त्या टोमण्यांत, भिंतीशी केलेल्या त्या सगळ्या संभाषणांतच पुरावा होता. खरी गोष्ट त्या घरात कुणाला ठाऊक असती, तर ती बाई आपल्या सुनेशी अशी वागलीच नसती. सासूबाईंचा अन्याय हाच त्यांच्या मुलाचा बचाव होता. फक्त तो अन्याय होता, हे त्यांना शपथेवर सांगावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई खिडकीशी बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. थोरली त्यांच्या समोर जाऊन बसली. पाच वर्षांत प्रथमच. आणि आढेवेढे न घेता तिनं सगळं सांगितलं. कचेरीतला फोन, धाकट्याचं उत्तर, मागून आलेला आवाज, चौकशी अधिकारी. सांगताना तिनं एकही विशेषण वापरलं नाही, मी तुमच्यासाठी, मी त्याच्यासाठी, असलं काही नाही.

सासूबाईंचे हात थांबले नाहीत. शेवटची घडी घालून झाल्यावर त्या म्हणाल्या, "एक मेलेला आणि एक तुरुंगातला. दोघंही उलटून बोलू शकत नाहीत. बरोबर माणसं निवडलीस."

आणि तिथं थोरलीचा बांध फुटला. ओरडली नाही ती. ओरडली असती तर परवडलं असतं.

"आई, मला तुमची माफी नकोय. प्रेम तर नकोच नको. मी रात्रीअपरात्री लोकांच्या लेकींना बाळंतपणातून सोडवायला जाते, परकी माणसं माझा हात धरून ठेवतात, आणि घरी आलं की मी भिंतीपलीकडचं माणूस. का, तर तुमच्या लाडक्याला तुमच्या नजरेतून पडू दिलं नाही म्हणून. एवढं करून शेवटी मी खोटारडीच असेन, तर असू दे. पण ज्यांनी तुमच्या नवऱ्याचा शेवटचा श्वास चोरून ऐकला, आणि तो तुमच्या मुलाच्या तोंडावर फेकला, त्यांच्यावर तुम्हाला राग येत नाही? सगळा राग माझ्याचसाठी ठेवलाय? जा. तुरुंगात जा. तो तर अजून बोलू शकतो ना. त्याला विचारा."

सासूबाई गेल्या. एकट्या गेल्या, थोरल्या मुलालाही बरोबर घेतलं नाही. संध्याकाळी परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा कुणीतरी आतून दिवा काढून नेल्यासारखा झाला होता. सकाळी वकीलबाई आल्या तेव्हा त्यांनी शपथपत्र वाचून दाखवायला सांगितलं, दोनदा ऐकलं, आणि एका ठिकाणी अडवलं. वकीलबाईंनी लिहिलं होतं, 'सुनेशी माझे संबंध तणावाचे होते.' सासूबाई म्हणाल्या, "असं नाही. लिहा, मी तिला छळलं."

सर्वोच्च न्यायालयाचं ते दालन उंच आणि थंड होतं. पुढं काळ्या झग्यांची गर्दी, मागं बाकांवर तीन माणसं, सासू, सून आणि मध्ये अवघडून बसलेला घड्याळजी. समोर उंचावर पाच न्यायमूर्ती. वकीलबाई उभ्या राहिल्या आणि त्या घरातली ती दुपार त्यांनी सगळ्या देशासमोर वाचायला सुरुवात केली. ज्या घराला आपलं बोलणं कुणी ऐकू नये म्हणून न्याय हवा होता, त्या घराला न्याय मागण्यासाठी सगळं बोलणं चव्हाट्यावर मांडावं लागत होतं. निघाला का गं... परक्या आवाजात, परक्या भिंतींमध्ये ते शब्द ऐकताना थोरलीनं मुठी आवळल्या. शेजारी सासूबाई ताठ बसल्या होत्या. 'मी तिला छळलं' हे वाक्य आलं तेव्हा पुढच्या रांगेतली दोन-चार डोकी मागं वळली, तरी त्यांनी मान खाली घातली नाही.

सरकारी वकील उठला. आवाज गोड, साखरेत घोळलेला. म्हणाला, उन्हाळ्याच्या आधी आम्ही काही ऐकलं नाही, रेकॉर्ड केलं नाही. हा सगळा कौटुंबिक भावनांचा पसारा आहे. आणि या माउलीबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण तुरुंगातल्या मुलासाठी आई शपथेवर काय सांगणार नाही?

"साहेब, मला बोलायचंय."

सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. शिपाई धावला. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मधले न्यायमूर्ती, पांढऱ्या भुवयांचे, क्षणभर बघत राहिले आणि त्यांनी शिपायाला खुणेनं थांबवलं. थोडक्यात बोला, म्हणाले.

"मुलासाठी खोटंच बोलायचं असतं," सासूबाई म्हणाल्या, "तर त्याच्या बाजूचं बोलले असते. बाप मरत असताना तो आला नाही, हे कुठली आई खोटं रचून सांगेल? माझ्याकडं त्याच्याबद्दल एवढीच एक चांगली गोष्ट उरली होती, की त्याला कुणी कळवलंच नाही. ती मी इथं ठेवून चाललेय. आता त्या साहेबांना विचारा, त्यांच्याकडं काय आहे ते त्यांनीपण ठेवावं."

सरकारी वकील काही म्हणू लागला, तेवढ्यात न्यायमूर्तींनी हात वर केला आणि त्याला एकच विचारलं. त्या फोनवरचं जे जे म्हणून तुमच्या खात्याकडं आहे, पहिल्यापासूनचं, ते सीलबंद आमच्यापुढं आणाल, की काहीच नाही असं प्रतिज्ञेवर लिहून द्याल? प्रतिज्ञेवर लिहून द्यायला खात्यातलं कुणी पुढं आलं नाही. खोटं बोलणं सोपं असतं, त्याखाली सही करणं जड जातं. पेटी आली. पाचही जणांनी बंद दाराआड ऐकलं, आणि त्यात तो हिवाळा होता.

निकाल लांबलचक होता. घर म्हणजे काय, माणसाचं बोलणं कुणाचं, हुकुमाशिवाय कान लावणारं सरकार आणि कुलूप फोडणारा चोर यांत फरक काय, असं पुष्कळ त्यात होतं, आणि ते पुढं कितीतरी अनोळखी घरांना उपयोगी पडणार होतं. थोरलीला त्यातली तीन वाक्यं कळली. पुरावा बाद. शिक्षा रद्द. सगळी रेकॉर्डिंग नष्ट करावीत.

पायऱ्यांवर वकीलबाईंनी सासूबाईंना बाजूला घेतलं. म्हणाल्या, नष्ट करायच्या आधी अर्ज केला तर तेवढा एक फोन तुम्हाला ऐकायला मिळेल. त्यात त्यांचा आवाज आहे. शेवटचा.

सासूबाईंचा हात कठड्यावर घट्ट झाला. थोरलीनं नजर दुसरीकडे वळवली. नवऱ्याचा आवाज... कुणाला नको वाटेल?

"नको," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "चोरानं ऐकलेलं चोराकडून नाही ऐकायचं मला. ते सांगायला घरात माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तुरुंगाच्या फाटकासमोरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. सुटकेचे कागद आत गेले होते, नवरा रिक्षा शोधायला गेला होता. ऊन होतं. दोघींच्या मध्ये अजून एक माणूस बसेल एवढी जागा होती. सासूबाई फाटकाकडे बघत होत्या. मग त्यांनी तोंड वळवलं, आणि सुनेच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं.

"मला का नाही उठवलंस?"

"आता विचारताय?" थोरली म्हणाली. तिचा राग गेला नव्हता. एका निकालानं जाईल एवढा तो लहान नव्हताच.

"आता विचारतेय. आधी विचारायला हवं होतं. चुकले मी. पहिल्यापासून सांग."

थोरलीनं सांगायला सुरुवात केली. फोन कसा लावला, त्यांचा हात पांघरुणावर कसा फिरत होता, खिडकी उघड म्हणाले, मग बंद कर म्हणाले, आणि दोन्ही वेळा तिला थँक्यू म्हणाले, तेव्हा तिला हसू आलं आणि त्यांनाही. सासूबाईंनी तोंडावर हात धरला. ते थँक्यू त्यांच्या ओळखीचं होतं.

फाटकातलं लहान दार कुरकुरलं. धाकटा बाहेर आला. हातात एक पिशवी, उन्हानं मिटलेले डोळे. त्याला आई दिसली, वहिनी दिसली, आणि तो झपाझप पुढं आला, आईच्या कुशीत शिरायला निघालेल्या पोरासारखा. "आई..."

सासूबाई उठल्या नाहीत. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही, नुसता हात वर केला.

"थांब तिथं. तिचं बोलणं संपू दे."

तो थांबला, रस्त्याच्या मधोमध, पिशवी धरून. आणि थोरली बोलत राहिली, आता जरा मोठ्यानं, त्यालाही ऐकू जाईल असं.

"मी म्हटलं, हो बाबा, निघालाय. तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी म्हटलं, आईंना उठवते. तर म्हणाले, तिला उठवू नकोस, खूप दमलीय. तो आला, की मगच उठव."